काकवीनं चिकटवलेला कोअर

आधीच सांगून ठेवते, शिव्या देणाऱ्या माणसाची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. ही हकीकत कुणाला सांगायला लागले की ऐकणारा मध्येच मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे जुनं ते सोनं!" अहो, कसलं सोनं? जुन्या दिवसांत आम्हाला बसायला साधं स्टूल नव्हतं. मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते पुरतं ऐकल्याशिवाय कुणी मान डोलावू नये.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात काम करते. घर कसबा बावड्यात, नदी ओलांडली की कामावर. वडील प्राथमिक शिक्षक होते. मी केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाले तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी बी.एड. करील आणि शाळेत लागेल. पण दिवसभर पोरांना "गप्प बसा" म्हणत राहायची नोकरी मला नको होती. फौंड्रीत वाळू तपासायच्या खोलीत लागले आणि काही वर्षांनी कोअर शॉपची सुपरवायझर झाले. कोअर शॉपमध्ये सगळ्या बायकाच.

कोअर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोखंडाची वस्तू आतून पोकळ हवी असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा करून साच्यात ठेवतात. वितळलेलं लोखंड त्याच्या भोवतीनं भरतं, थंड झालं की आतली वाळू झाडून टाकायची. तो वाळूचा ठोकळा म्हणजे कोअर. तो घडवून झाला की आमच्या बायका कानशीनं त्याच्या कडा साफ करतात, त्याला काळा रंग देतात आणि ट्रॉलीवर रचून पुढं पाठवतात. दिसायला कडक, पण असतो पाक कच्चा राहिलेल्या रव्याच्या लाडवासारखा. बोट जरा जास्त दाबलं की कोपरा हातात येतो. दिवसातून कितीतरी फुटतात, आणि फुटणारच. फुटलेला कोअर टाकून दुसरा घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही. फुटलेला तसाच साच्यात गेला तर मात्र अख्खी वस्तू भंगारात जाते, आणि ते कळतं फार उशिरा.

म्हणून आमच्या जुन्या फोरमननं एक रीत पाडली होती. आम्ही सगळ्या त्यांना मामा म्हणायचो. कोअर जिच्या हातून फुटेल तिनं तिथल्या तिथं मोठ्यानं ओरडायचं, "गेला!" आणि मामा असतील तिथून, कधी मशिनमागून, कधी तोंडात चहाचा घोट असताना, ओरडून उत्तर द्यायचे, "जाऊ दे! दुसरा घे!" संपलं. कुणाचा गेला, कसा गेला, कुणी विचारायचं नाही, मान वर करून बघायचंही नाही. मशिनच्या धडधडीत दिवसभर हे चालायचं. नवी आलेली बाई पहिले काही दिवस लाजायची, फुटलेला तुकडा हातात धरून रडवेली उभी राहायची. मग शेजारची तिला ढोसायची, "वरड की गं!" जिचा पहिला "गेला!" निघेल तिनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काहीतरी खायला आणायचं. जयसिंगपूरहून येणारी एक होती, तिनं पिशवीभर भडंग आणलं होतं.

मामांच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. "डोळं हायत का शर्टाची बटनं?" हा त्यांचा नमस्कार. उशीर झाला की "कुठल्या गावाची जत्रा करून आलीस?" पहिल्याच दिवशी ते माझ्यावर भर शॉपमध्ये ओरडले होते, वाळूचा नमुना चुकीच्या ढिगातून घेतला म्हणून. ढीग बरोबर होता. मीही त्यांच्याच पट्टीत ओरडून तसं सांगितलं. त्यांनी ढिगातली चिमूटभर वाळू बोटांत चोळून बघितली आणि म्हणाले, "व्हय की. माझंच चुकलं. चल, काम कर." कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं म्हणजे भांडण नव्हे. आम्ही प्रेमानंही असंच बोलतो, शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं.

पण स्टुलांवरून त्यांचं माझं खरंच वाजलं. कानशीचं काम बायका दिवसभर उभ्यानं करायच्या. मी स्टुलं मागितली तर मामा म्हणाले, "बसून करायचं काम म्हंजी जेवायचं. ही फौंड्री हाय." दुसऱ्या दिवशी मी रंगाची रिकामी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसून कानस चालवायला लागले. दुपारपर्यंत शॉपमधल्या झाडून सगळ्या जणी बादल्यांवर. मामांनी आकाशपाताळ एक केलं. मला म्हणाले, "तू माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटाय आलीयास." मी म्हटलं, "स्टूल द्या, बसून वाटते." महिना संपायच्या आत स्टुलं आली, आणि ती टेम्पोतून उतरवून घ्यायला मामा स्वतः उभे होते. म्हणून मी म्हणते, त्यांना देव करू नका. त्यांच्याशी भांडता यायचं, एवढंच.

त्या दिवशी माझ्यामागोमाग बादलीवर पहिली बसली ती अक्का. अक्का गडहिंग्लजच्याही पलीकडची, अगदी सीमेवरची. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी घुसायचं. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. नवरा वारल्यावर काही वर्षं भावाकडं राहिली. तिथं ताटात पडेल ते खायचं आणि तोंड मिटून राहायचं, हे तिला सोसलं नाही. कोल्हापुरात येऊन या नोकरीवर तिनं एक खोली केली, मुलीला शिकवलं. ही नोकरी गेली की अक्कासाठी एकच रस्ता होता, परत भावाच्या दारात. ती म्हणायची, "तंगी, मी एकवेळ फर्नेसमदी उडी टाकीन, पण त्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाय."

मामा निवृत्त झाले आणि धाकट्या मालकांनी नवे साहेब आणले. मोठ्या कंपनीत काम केलेले, बोलायला लोण्यासारखे. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. बायकांच्या संडासाला कितीतरी वर्षं कडी नव्हती, एक आत गेली की दुसरी दाराला पाठ लावून उभी राहायची. साहेबांनी पहिल्या महिन्यात नवे संडास बांधले, कपडे बदलायला खोली दिली, पंखे लावले. मामांना हे कधी सुचलं नव्हतं. कुणाचा वाढदिवस असला की केक यायचा. प्रत्येकीला "ताई" आणि "आपण". आमच्या काही बायकांना जन्मात पहिल्यांदा कुणी "आपण" म्हटलं असेल.

मग त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, आपल्या शॉपमध्ये फार आरडाओरड होते. बाहेरचे ग्राहक येतात, त्यांच्यावर काय छाप पडेल? ज्या ताईंकडून नुकसान होईल त्यांनी शांतपणे येऊन मला सांगावं. मी कुणालाही रागावणार नाही."

आणि खरंच, ते कुणालाही रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवर एक मोठा बोर्ड लावला. त्यावर प्रत्येकीचा हसरा फोटो, फोटोखाली चुंबकाची टिकली. दिवस चांगला गेला तर हिरवी. कोअर फुटला तर लाल. लाल टिकल्या वाढल्या की साहेब त्या बाईला केबिनमध्ये चहाला बोलवायचे. केबिनला काचा, त्यामुळे सगळ्या शॉपला आतलं दिसायचं. कपबशीत चहा, बशीत बिस्किटं. "ताई, घरी सगळं ठीक आहे ना? कामात मन लागत नाही का? आम्ही काही मदत करू शकतो का?" वाळूचा ठोकळा फुटला म्हणून आत गेलेली बाई सासूचं आजारपण आणि नवऱ्याचं पिणं सांगून डोळे पुसत बाहेर यायची, आणि काचेतून ते सगळ्यांनी बघितलेलं असायचं. मामांची शिवी दुपारच्या डब्यापर्यंत विसरून जायची. साहेबांचा चहा बाईबरोबर घरापर्यंत जायचा. आमच्याकडं "चहा झाला का?" हे माणूस माणसाला मायेनं विचारतो. आमच्या शॉपमध्ये तो प्रश्न कुणी विचारेनासं झालं.

एकदा मला बावड्याच्या बाजारात मामा भेटले, मेथीची जुडी निवडत होते. मी सगळं गाऱ्हाणं घातलं. ते म्हणाले, "माझं डोकं खाऊ नगंस, मी सुटलोय आता." जुडी पिशवीत टाकली, चार पावलं गेले आणि वळून म्हणाले, "पर काय गं, एकादी चुकून वरडलीच, तर जबाब कोन देतंय आता?" मी म्हटलं, "कोणी नाही." त्यांनी मान हलवली आणि गेले. मला त्या वेळी त्यांचा रागच आला, कारण मला त्यांच्याकडून काहीतरी उपाय हवा होता.

काही दिवसांनी कँटीनमध्ये धाकटे मालक आले. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि गोड आवाजात म्हणाले, "आपल्या या कुटुंबात जे समाधानी आहेत त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले. अक्कानं दोन्ही केले. फोटो निघाला, मोठा करून कँटीनच्या भिंतीवर लागला. त्या फोटोत नीट बघितलं तर एक बाई हाताची घडी घालून उभी आहे. ती मी. नंतर मला चहाला बोलावणं आलं. "मॅडम, आपल्याला काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, "आहे. तुम्ही हात वर करायला सांगितलं म्हणून त्यांनी केले. तुम्ही पाय वर करायला सांगितलं असतं तर तेही केले असते." ते हसले. ते नेहमी हसायचे. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि यासारखी दुसरी चीड आणणारी गोष्ट नाही.

शॉप आता शांत होतं. "गेला!" ऐकू यायचं बंद झालं. बोर्डवर सगळीकडं हिरवं. साहेब पाहुण्यांना तो बोर्ड दाखवायचे. मला मात्र ती शांतता खरी वाटत नव्हती, कारण कोअर फुटायचे थांबलेले नाहीत हे मला ठाऊक होतं. मग ते जात कुठं होते?

आमच्याकडं दोन भागांत बनवलेले काही कोअर एकमेकांना जोडायला एक गोंद असतो. तो भराभर संपायला लागला. मी जाऊन साहेबांना सांगितलं की बायका फुटलेले कोअर चिकटवताहेत, वरून काळा रंग दिला की भेग दिसत नाही, हे त्या बोर्डमुळं होतंय, बोर्ड काढा. साहेबांनी माझे आभार मानले आणि गोंद कुलपात ठेवला.

त्यानंतर एका दुपारी फर्नेसवर ओतकाम चालू असताना तिकडची गडीमाणसं हसायला लागली. "आज गुऱ्हाळ लागलंय काय रं हितं?" लोखंडाच्या वाफेत गोड, करपट वास येत होता. बावड्याच्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही. पण साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, आणि वारंही त्या बाजूचं नव्हतं. मी तशीच कोअर शॉपमध्ये परत आले. अक्काच्या डब्याच्या पिशवीतून एका बाटलीचं तोंड दिसत होतं.

"हे काय?"

"काकवी. भाकरीसंगं खायाला."

"भाकरी तर मघाशीच संपली तुझी."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणं तिला जमत नाही, आवाजच लागत नाही तिचा. "घरची हाय तंगी, चांगली घट्ट. लई चिकटतीया." आणि मग एकदम चिडून, पण दबक्या आवाजात, "मग काय करू? चहाला जाऊ व्हय?"

मी बाकीच्या टेबलांकडं नजर फिरवली. पिशव्यांमध्ये बाटल्याच बाटल्या. कुणाची गुळाच्या पाकाची, कुणाची काकवीची. घरात जे चिकट मिळालं ते बायकांनी आणलं होतं, आणि ते आपापसांत वाटूनही घेत होत्या, "माझी पातळ झालीया, तुझी दे जरा." मला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. काकवी ओली. वितळलेल्या लोखंडात ओलं काही गेलं की त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट शोधते आणि लोखंडात भोकं पाडते.

मी परत केबिनमध्ये गेले. कुणाचं नाव न घेता सांगितलं. साहेब म्हणाले, "कोण कोण आहेत?"

"नावं मिळणार नाहीत. बोर्ड काढा. आजच काढा, उद्या एक बाटली दिसली तर माझी नोकरी घ्या."

"मॅडम, तुम्ही फार इमोशनल होता." आणि कप माझ्याकडं सरकवला.

मी सगळ्यांच्या बाटल्या जमा केल्या, पण गेलेला माल गेला होता. काही आठवड्यांनी तो ग्राहकाकडून परत आला, आतून भोकं पडलेला. कुठल्या टेबलाचे कोअर कुठल्या मालात गेले, ते ट्रॉलीवरच्या रंगाच्या खुणेवरून लिहून ठेवलेलं असतं. खूण अक्काच्या टेबलाची निघाली. दुसऱ्या कुणाचीही निघू शकली असती.

साहेबांनी मला बोलावून आपला विचार सांगितला, आणि मी आजवर ऐकलेलं सगळ्यात गोड वाक्य ते होतं. "आपण ताईंना काढायचं नाही. आपण त्यांना सन्मानानं निरोप द्यायचा." कँटीनमध्ये कार्यक्रम करायचा, मालक येतील, अक्का कौटुंबिक कारणानं काम सोडते आहे असं सांगायचं, तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. "शाल आपण घालावी मॅडम. आपलं त्यांच्याशी छान नातं आहे." केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट समजलं. मी म्हटलं, "तिनं एकटीनं केलेलं नाही." ते म्हणाले, "मग बाकीची नावं द्या." मी उठून बाहेर आले. चहा तसाच राहिला.

अक्काला तोवर कळवलेलं होतं. ती टेबलाशी उभी राहून कानस चालवत होती, स्टूल पायानं मागं सारलेलं. मी काही बोलणार तोच म्हणाली, "भावाला फोन केला न्हाय अजून. करीन उद्या." एवढंच. इतकी वर्षं मी या बाईला बघत होते, तिचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं नाही, भयंकर राग आला. तो राग मी जपून ठेवला.

सत्काराच्या दिवशी कँटीन फुग्यांनी सजवलं होतं. भिंतीवर तो हात वर केलेला फोटो. धाकटे मालक मधल्या खुर्चीत. अक्काला नवं लुगडं नेसून यायला सांगितलं होतं, ती कामाच्या कपड्यांत आली. साहेब कुटुंबावर बोलले. कुटुंबात येणं-जाणं चालायचंच, असं काहीतरी म्हणाले. मग माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले, ताटातली शाल उचलली, तिची घडी आणखी घट्ट केली आणि परत ताटात ठेवली.

"ही शाल मी घालणार नाही," मी म्हणाले. माइक लागत नव्हता मला. "अक्का जात नाहीये, तिला घालवताय. घालवायचंच असेल तर तोंडावर म्हणा, चालती हो. तिला ते सोसेल, तिनं त्याहून वाईट ऐकलंय. पण गळा कापून वर शाल कसली घालताय?"

साहेब हसरे राहून म्हणाले, "मॅडम, आपण नंतर बोलू या."

"नंतर नाही. मालक इथं बसलेत तर आत्ताच. कोअर फुटला की ओरडायचं, ही या शॉपची रीत होती. ती तुम्ही बंद केली आणि तिथं फोटो टांगले. फुटलेला कोअर चिकटवायला काय ह्यांना हौस आहे? भीतीनं चिकटवला. शिव्यांना ह्या कधी भ्यायल्या नाहीत, तुमच्या कपबशीला भ्यायल्या."

मालक पहिल्यांदा बोलले. "एकट्या ह्यांनीच चिकटवला का?"

मी वळून माझ्या बायकांकडं बघितलं. आता उठतील, आता बोलतील. एकही उठली नाही. सगळ्या फरशीकडं बघत होत्या. खरं सांगते, त्या क्षणी मला साहेबांपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला. बादल्यांवर बसताना कशा बसला होता गं सगळ्या? पण कुणाच्या खांद्यावर काय ओझं आहे ते साहेबांच्या काचेतून मला सगळं दिसलेलं होतं, त्यामुळं एकीचंही नाव मी घेतलं नाही.

अक्का पुढं आली. ताटातला नारळ तिनं उचलला.

"मालक, दुसऱ्यांचं मला काय इचारू नगा. माझा मी सांगतो." आमच्याकडं बायकाही "सांगतो, येतो"च म्हणतात. "माझा कोअर गेलता. मी वरडलो न्हाय. काकवी लावली. चुकलं माझं. पर वरडायला बंदी केल्यावर मानसानं काय करायचं? आनि ह्ये काय, मानूस काढायचं आनि वर नारळ द्यायचा? नारळ म्हंजी परसाद असतोय की ओ."

असं म्हणून तिनं पायरीच्या कडेवर नारळ आपटला. पाणी साहेबांच्या बुटापर्यंत गेलं. तिनं हातानंच खोबरं मोडलं, पहिला तुकडा मालकांपुढं धरला. "घ्या. आनि मी उद्या कामावर येतो. गेटावर अडवायचं आसंल तर अडवा, पर अडवताना शिवी द्या, ताई म्हनू नगा."

मालकांनी तुकडा घेतला. खाल्ला. आणि उठून गाडीकडं गेले. अक्का सगळ्यांना खोबरं वाटत फिरली, साहेबांनाही दिलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. गेटवरच्या वॉचमनला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यानं सोडलं. मला मात्र आल्या आल्या चहाचं बोलावणं आलं. साहेब म्हणाले की माझ्यावर फार ताण आहे असं त्यांना वाटतं, म्हणून सुपरवायझरची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडं देऊन मी काही काळ टेबलावर काम करावं. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हटलं, "साखर जास्त पडलीय." आणि रंगाच्या टेबलाशी, अक्काच्या पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसले. बोर्ड होता तिथंच होता. माझा फोटो अजून लागायचा होता.

ब्रश कितीतरी दिवसांनी हातात घेतला होता. शेजारच्या बायका माझ्याकडं बघत नव्हत्या, लाजल्या होत्या. मीही बोलले नाही. मशिनची धडधड आणि कानशींची घसघस, बाकी आवाज नाही. मग अक्काच्या टेबलावर ठक्क झालं. मी बघितलं, कोअरचा एक कोपरा तिच्या हातात, उरलेला टेबलावर. तिनं बोर्डकडं बघितलं. काचेच्या दारातून साहेब बाहेर येऊन उभे होते, त्यांनीही ते बघितलं होतं. सगळ्यांच्या कानशी थांबल्या. अक्कानं मान वर केली आणि छपराला जाऊन भिडेल असा आवाज काढला.

"गेला!"

मामांची खुर्ची असायची तिथं आता पाण्याचा कूलर होता, आणि मशिनमागून कुणी ओरडणार नव्हतं. बाजारात मामांनी विचारलेलं मला तेव्हा आठवलं. साहेबांनी तोंड उघडलं, बहुतेक "ताई" म्हणायला. ते उत्तर देतील म्हणून मी थोडं थांबले सुद्धा. शप्पथ सांगते, त्यांनी दिलं असतं तर मी सगळं माफ केलं असतं. त्यांनी दिलं नाही.

मी ब्रश ठेवला, स्टुलावरून उठले आणि त्यांच्याकडं बघतच ओरडले, "जाऊ दे! दुसरा घे!"

अक्कानं फुटलेला कोअर पेटीत टाकला आणि दुसरा घेतला. मी खाली बसणार तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून, जयसिंगपूरच्या त्या भडंगवालीच्या टेबलावरून, कापरा आवाज आला.

"माझा बी गेला!"

मी परत उभी राहिले.